लाल गमबूट

सकाळी सर पेपर वाचत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आम्हाला आल्या दिवशीच बजावलं होतं. मी म्हटलं, असेल बाई, जुन्या माणसांची सवय असते एकेक. दुसऱ्या दिवशी सातला चहाचा कप घेऊन शेडवर गेले, तर सर लाकडी स्टुलावर बसलेले, चष्मा कपाळावर, मांडीवर पेपर पसरलेला आणि त्या पेपरावर सगळीकडे कोंबडीच्या पिल्लांची घाण. बातम्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते घाण वाचत होते. एका काडीने एकेक ठिपका उलटायचा, नाकाजवळ न्यायचा, मग पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढून शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहायचं. मी चहा तसाच नेऊन बेसिनमध्ये ओतला.

पिल्लं अंड्यातून निघाली की पहिले काही दिवस खालच्या भुशावर पेपर अंथरतात, म्हणजे ती दाणे सोडून भुसा खात नाहीत. बाकीच्या जगात हे पेपर रोज गोळा करून फेकून देतात. आमच्याकडे खोलीच्या एका कोपऱ्यात ते शेवटपर्यंत अंथरायचे आणि तारीख घालून दोरीवर वाळत घालायचे. सरांच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटापेक्षा या पेपरांचे गठ्ठे जास्त होते, आणि कोणत्या साली कोणत्या तुकडीला कितव्या दिवशी हगवण लागली, हे ते गठ्ठ्याला हात न लावता सांगायचे.

त्यांनीच मला शिकवलं की कोंबडी दोन प्रकारची विष्ठा टाकते. एक रोजची, वर पांढरी टोपी असलेली. दुसरी दिवसातून एकदोनदाच येते, गडद, चिकट, काकवीसारखी. ती आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात तिथून येते, आणि कोंबडीच्या पोटात जी जिवाणूंची वस्ती आहे तिची खरी खबर त्यातच असते. सर पहिल्या प्रकाराला छोट्या जाहिराती म्हणायचे आणि दुसऱ्याला अग्रलेख. "डॉक्टर, आज अग्रलेख आला का?" असं ते मला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारायचे, आणि हातात पोहे धरून मला उत्तर द्यावं लागायचं.

डॉक्टर ते सगळ्यांनाच म्हणायचे. पहिल्या वर्षाच्या पोरांना डॉक्टर, झाडणाऱ्या मामांना डॉक्टर, एकदा तर वीज कंपनीच्या वायरमनलाही. माणूस कंधारच्या बाजूचा, शिक्षण परदेशापर्यंत झालेलं, आणि बोलणं मात्र गावातून काल निघाल्यासारखं. बाहेरून पाहुणे आले की आमचे बाकीचे प्राध्यापक पुण्याची भाषा काढायचे. सर त्याच पाहुण्यांना म्हणायचे, "बसा हो, कोंबडी हागून राहिली, जरा सबूर करा." काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, घरामागे त्यांच्यासाठी वेगळी न्हाणी बांधून घेतली होती. तिथं अंघोळ झाल्याशिवाय त्यांना घरात प्रवेश नव्हता, आणि यात आपला काही अपमान आहे असं त्यांना तीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

लातूरकडचं हे आमचं कॉलेज, जनावरांच्या डॉक्टरकीचं. मी अर्धापूरची, केळीवाल्यांची मुलगी. मोठ्या कॉलेजात पदव्युत्तरला जायचं म्हणून आले आणि नशिबी हे सर आले. सुरुवातीला मी घरी फोन करून रडले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

सरांचा एक प्रश्न होता. तो ते सगळ्यांना विचारायचे. कुणी पोल्ट्रीवाला पिशवीत मेलेली पिल्लं घेऊन यायचा आणि म्हणायचा, साहेब, पाण्यात कोणती पावडर टाकू ते सांगा. सर पिल्लू हातात घेऊन, उलटं करून, पोट चाचपून विचारायचे, "याला आई भेटली होती का?" तो माणूस भांबावायचा. मशीनमधून निघालेल्या पिल्लाला कुठली आई? मग सर त्याला बाकावर बसवायचे आणि त्याचं पुढचं काम बुडालंच म्हणून समजा.

गावातलं पिल्लू कोंबडीच्या पोटाखाली फुटतं, ते सांगायचे. डोळे उघडले की पहिली चोच ते आईच्या घाणीत मारतं. आपण म्हणतो, छी. पण त्या एका चोचीसरशी आईच्या पोटातली अख्खी वस्ती त्याच्या पोटात जाते. "एसटीत आपले लोक आधीच रुमाल टाकून जागा धरतात का न्हाई? मग खिसेकापू चढला तरी बसंल कुठं?" मशीनमधलं पिल्लू स्वच्छ असतं, गाडी रिकामी असते, आणि जो पहिला चढेल तो मालक होतो.

मग ते मेलेलं पिल्लू कापायचे आणि शेपटीजवळची हरभऱ्याएवढी एक पिशवी चिमट्याने उचलून दाखवायचे. ती दाखवताना त्यांचा आवाज खाली यायचा. ही पाखरांची शाळा, ते म्हणायचे. रोगाशी लढणाऱ्या पेशी इथं बसून शिकतात, आपलं कोण नि परकं कोण ते ओळखायला. शिकून झालं की शाळा आपोआप आकसून बंद होते, मोठ्या कोंबडीत शोधून सापडत नाही. माणसाच्या रक्तातल्या त्याच पेशींचा पत्ता जगाला आधी कोंबडीच्या या पिशवीतून लागला. "आणि आपण शाळेत पोरं बसवतो अन् मास्तरच पाठवत न्हाई," असं म्हणून ते चिमटा खाली ठेवायचे. मास्तर म्हणजे आईची ती घाण. मी हे भाषण पन्नासदा तरी ऐकलं असेल, आणि पिशवी वर उचलताना दरवेळी माझ्या अंगावर काटा आला. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला रोज तेवढंच नवल कसं वाटतं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

हे सगळं सर वीस वर्षं सांगत होते, आणि वीस वर्षं लोक हसत होते. जगात इतरत्र यावर काम झालेलं होतं, पण आपल्या गावठी कोंबडीवर, आपल्या हवेत, आपल्या शेडमध्ये हे होतं का, ते नीट करून दाखवायला त्यांना कधी दोन खोल्या आणि एक विद्यार्थी एकाच वेळी मिळाला नव्हता. मी आले तेव्हा खोल्या मिळाल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. म्हणजे त्यांची शेवटची विद्यार्थिनी मीच.

प्रयोगासाठी आई पाहिजे होती. ती सरांनी कंधारजवळच्या एका वस्तीवरून आणली. तिथं कोंबड्यांना मर लागून घरोघरची खुराडी रिकामी झाली होती आणि एका मावशींच्या अंगणात ही एक लंगडी, पिसं झडलेली म्हातारी आपली आठ पिल्लं घेऊन मजेत फिरत होती. मावशी द्यायला तयार नव्हत्या. सर तीनदा गेले. तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, न्या, पण हिला बंद पिशवीत घालू नका, तिला बाहेर बघायला लागतं. म्हणून सरांनी तिला मांडीवर घेऊन खिडकीजवळच्या सीटवर बसून एसटीने आणलं. कंडक्टरने कोंबडीचं तिकीट फाडलं. सरांनी वाद घातला नाही, उलट ते तिकीट आणून माझ्या प्रयोगाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवलं. म्हणाले, ही कुठून आली त्याचा सरकारी पुरावा आहे हा.

प्रयोग साधा होता. एकाच दिवशी निघालेली पिल्लं दोन खोल्यांत सारखी वाटायची. एका खोलीतल्या पिल्लांना पहिल्या दिवशी म्हातारीचा अग्रलेख पाण्यात कालवून चोचीला लावायचा. दुसऱ्या खोलीला काही नाही. रोग द्यायची गरजच नव्हती, कारण त्या शेडमध्ये दर तुकडीला दुसऱ्या आठवड्यात हगवण ठरलेली असायची. पहिल्या खोलीतली तगली आणि दुसरीतली लागली, की सरांचं म्हणणं खरं. फक्त इकडची घाण तिकडे जाता कामा नये. म्हणून पहिल्या खोलीला लाल गमबूट आणि दुसरीला काळे. खोलीचे बूट खोलीच्या उंबऱ्याच्या आतच घालायचे आणि आतच काढायचे. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, आणि मी जराशी चिडूनच म्हटलं की सर, एवढं कळतं मला.

आता ऐका, एवढं कळणाऱ्या बाईने काय केलं. स्टोअरमधून आलेले काळे बूट माझ्या मापाला एक नंबर लहान होते. पहिल्याच दिवशी टाचेला फोड आला. दुसऱ्या दिवशी तो फुटला. मला त्याच सुमारास एका कॉलेजात शिकवायच्या जागेसाठी अर्ज भरायचा होता, कागदपत्रांसाठी धावपळ चालली होती. आमचे आप्पा अर्धापूरहून केळीचा घड घेऊन आले होते आणि भावकीत सांगून बसले होते की पोरगी प्रोफेसर होतेय. ऑगस्टपर्यंत पदवी हातात पाहिजे, एवढीच अट होती. त्या दिवशी सकाळी बस पकडायची होती. लाल खोलीचं काम झालं आणि मी लाल बूट न काढता काळ्या खोलीत गेले. पाचच मिनिटं, पेपर बदलायचे आणि दाणे टाकायचे. तिसऱ्या दिवशीही तेच केलं. चौथ्या दिवशी मोठे बूट बदलून मिळाले, आणि मी ते विसरून गेले. खरंच विसरून गेले.

दुसऱ्या आठवड्यात आठवलं. हगवण आली, पण लाल खोलीत आली नाही आणि काळ्या खोलीतही नाही. दोन्हीकडची पिल्लं ठणठणीत, एकमेकांच्या डोक्यावर उड्या मारताहेत. शेजारच्या शेडमधली, प्रयोगाबाहेरची पिल्लं मात्र माना टाकत होती. मी काळ्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

माझ्या बुटांनी म्हातारीला काळ्या खोलीत नेलं होतं. सरांचं म्हणणं खरं होतं, इतकं खरं की बुटाच्या तळाला लागलेल्या घाणीनेही काम झालं होतं. पण वहीत ते उलटं दिसणार होतं. दोन्ही खोल्या सारख्या, फरक काही नाही, सरांचं वीस वर्षांचं म्हणणं फोल. गंमत अशी की मी गप्प बसले असते तर माझं काहीच बिघडत नव्हतं. फरक नाही, असाही प्रबंध पास होतो. पदवी मिळते, नोकरी मिळते. सांगितलं तर प्रयोग बाद, पुन्हा पिल्लं, पुन्हा सगळं, ऑगस्ट हातातून गेला, आणि सर जूनमध्ये निवृत्त.

मी तीन आठवडे गप्प बसले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण बसले. सर रोज सकाळी काळ्या खोलीचा पेपर वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "डॉक्टर, हिकडं बी अग्रलेख लई झ्याक येऊन राहिलाय." मी म्हणायची, हो सर. आणि वसतिगृहावर जाऊन जेवण समोर घेऊन नुसती बसायची. एकदा वाटलं आप्पांना विचारावं. मग वाटलं, त्यांना काय विचारायचं, ते केळीला फवारणी चुकली तरी कबूल करतात.

शेवटची वजनं झाली त्या दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. बैस म्हणाले तरी बसले नाही. उभ्याने सगळं सांगितलं, बूट, फोड, बस, दोन दिवस, तीन आठवडे. सर ऐकत राहिले. मग उठून त्यांनी गठ्ठ्यातून एक पेपर काढला आणि टेबलावर पसरला. काळ्या खोलीचा, दुसऱ्या दिवसाचा. पिल्लांच्या ठिपक्यांच्या मधोमध बुटाचा अख्खा ठसा होता. लाल बुटांच्या डाव्या टाचेला एक चीर होती, ती चीरसुद्धा उमटलेली. ठशाभोवती पेन्सिलीने गोल काढला होता.

मला बसावंच लागलं. म्हणजे त्यांना त्याच दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"नवी पिल्लं दिवाळीपर्यंत मिळणार नव्हती, मग थांबवून काय करू? अन् खरं सांगू का, मला बघायचं होतं, बुटानं जमतंय का." एवढं बोलून ते लहान मुलासारखे हसले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. विभागप्रमुखांना लिहिलेलं पत्र होतं. मार्गदर्शक म्हणून माझ्या देखरेखीत ढिलाई झाली, दोन्ही खोल्यांची सरमिसळ झाली, सबब हा प्रयोग रद्द समजावा आणि विद्यार्थिनीला तो पुन्हा करू द्यावा. खाली सही. वर तारीख तीच, ठशाच्या दिवसाची. मजकूर आणि सही यांच्यामध्ये दोन ओळींची जागा कोरी होती.

"हे मी तसं बी देणारच होतो," सर म्हणाले. "ती जागा तुझ्यासाठी सोडली. भरायची का न्हाई, ते मी कसं सांगू?"

मी त्यांच्याच पेनने त्या दोन ओळींत माझ्या बुटांचं सगळं लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की आजही फाइल उघडली तर ओळखू येईल. आयुष्यात मी पुढे पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, पण माझी खरी पदवी मला त्या दुपारी मिळाली असं मी मानते. आप्पांना फोन केला. ते म्हणाले, तुझ्या सरांना केळी आवडली होती का? अजून पाठवतो.

शिकवायची ती नोकरी गेली. सर निवृत्त झाले, नारळ-शाल झाली, आणि दिवाळीनंतर नवी पिल्लं आली त्या सकाळी सात वाजता ते डबा घेऊन शेडच्या दारात हजर. कागदावर माझे मार्गदर्शक आता दुसरे होते, तरुण, भले गृहस्थ. प्रबंधावर नाव त्यांचंच येणार होतं. मला त्याचं वाईट वाटलं. सरांना वाटलं नाही. ते रोज एसटीने यायचे, पेपर वाचायचे, आणि स्टूल उचलून काळ्या खोलीच्या जाळीबाहेर जाऊन बसायचे. बूट या वेळी माझ्या मापाचे होते.

दुसऱ्या आठवड्यात हगवण आली. लाल खोलीतली पिल्लं तशीच उड्या मारत राहिली. काळ्या खोलीत मात्र रोज सकाळी एकदोन मेलेली सापडायची, बाकीची पंख सोडून कोपऱ्यात गोळा होऊन बसायची. आकडे माझ्या वहीत असे स्वच्छ उतरत होते की मला नाचावंसं वाटत होतं. वीस वर्षं हसलेले लोक आता येऊन बघून जात होते. लाल खोलीच्या जाळीपाशी गर्दी व्हायची. सर तिकडे एकदाही गेले नाहीत. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही खरे ठरलात, निदान बघा तरी एकदा. ते काळ्या खोलीतून नजर न काढता म्हणाले, "हाव. पण मला खरं ठरवायला ही मरून राहिली ना."

मी हिमायतनगरच्या सरकारी दवाखान्यात आहे आता. कुणी पिशवीत पिल्लं घेऊन आलं की मीही आधी तोच प्रश्न विचारते, आणि लोक माझ्याकडेही तसंच बघतात. पण सरांचं नाव निघालं की मला लाल खोली आठवत नाही, तो बुटाचा ठसाही नाही. मला त्या प्रयोगाचा शेवटचा दिवस आठवतो.

शेवटची वजनं झाली. नव्या सरांनी वहीवर सही केली आणि ते गेले. सरांनी विचारलं, सगळं लिहून झालं? एकही आकडा राहिला नाही? मी म्हटलं, नाही. वही बंद कर, म्हणाले. मग त्यांनी आपल्या डब्याच्या पिशवीतून एक जुनी जोडी काढली. लाल, डाव्या टाचेला चीर असलेली. निवृत्तीच्या दिवशी खोलीतून त्यांनी घरी काय नेलं ते मला तेव्हा कळलं. ते बूट घालून ते पहिल्यांदाच लाल खोलीत शिरले आणि तिथल्या भुशातून हळूहळू, पाय दाबत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. मग बाहेर येऊन काळ्या खोलीच्या दारापाशी आले. मी आपोआप दारात हात आडवा धरला. सगळे दिवस माझं कामच ते होतं. मी हात खाली घेईपर्यंत सर थांबले.

आत जाऊन ते खोलीच्या मधोमध नुसते उभे राहिले. कोपऱ्यातल्या उरलेल्या पिल्लांपैकी एक लडखडत आलं आणि त्याने बुटावर चोच मारली. मग दुसरं आलं. सर पाय हलवत नव्हते. मी जाळीबाहेरून विचारलं, सर, आता उशीर नाही का झाला?

"झालाय," ते म्हणाले. "पण भेटू तर दे."

लाल खोलीच्या उंबऱ्याच्या आत माझे बूट होते. मी ते घातले, आतून एक चक्कर मारली, आणि मागच्या खेपेला चुकून केलं होतं तेच त्यांच्या मागोमाग मुद्दाम केलं.